वाचक विचारतात : गाव मोजलं, पाडा राहिला

मागच्या अंकात आपण जिल्ह्याच्या लोकसंख्येवर दोन पानं छापली होती. 2001 ला नाशिक जिल्हा 49,93,796 होता आणि 2011 ला 61,07,187 झाला, म्हणजे दहा वर्षांत अकरा लाखाच्या वर माणूस वाढला, असं त्यात होतं. खरं सांगायचं तर वाटलेलं की आकडेवारीची पानं लोक उलटून टाकतील, पण व्हॉट्सॲपवर आणि मेलवर एवढे प्रश्न आले की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नावं छापत नाही, बऱ्याच जणांनी तशी विनंतीच केलीये.

प्रश्न : सर, आमचा पाडा सुरगाणा तालुक्यात आहे. मूळ गाव आमच्यापासून चार किलोमीटर, मधे नदी. गावात शाळा आहे, अंगणवाडी आहे, उपकेंद्र पण आहे. पाड्यावर यातलं काहीच नाही. कुठंही गेलं की ऐकायला मिळतं, तुमच्या गावाला सगळं दिलेलं आहे. आमच्या पाड्याची वेगळी लोकसंख्या कुठं मिळेल?

उत्तर : दादा, आलेल्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचाच आहे म्हणून यावरच जरा जास्त लिहितो.

जनगणनेच्या छापील तक्त्यात महसुली गाव असतं, म्हणजे सरकारी महसूल दप्तरात नोंदलेलं गाव, पाडा नसतो. पाड्यावरच्या माणसांची मोजदाद होते, कुणाला सोडत नाहीत, पण बेरीज जाऊन बसते गावाच्या नावावर. त्यामुळे कागदावर एकच गाव दिसतं, बाराशे-पंधराशे लोकांचं, शाळा आहे उपकेंद्र आहे, आणि प्रत्यक्षात ते पाच-सहा पाड्यांत विखुरलेलं असतं आणि सोयी सगळ्या एकाच ठिकाणी, बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या ऑफिसशेजारी. निफाडकडची गावं एका जागी दाट असतात, तिथं हा हिशोब चालून जातो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरात नाही चालत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातला शेंद्रीपाडा आठवत असेल, बायका डोक्यावर हंडे घेऊन तास नदीवरच्या लाकडी बल्ल्यांवरून जायच्या, फोटो सगळीकडे फिरले, जानेवारी 2022 मधे लोखंडी पूल बसला आणि त्याच पावसाळ्यात तो वाहूनही गेला. तो फोटो फिरला नसता तर किती जणांना त्या पाड्याचं नाव कळलं असतं?

आता तुमच्या कामाचं. पाड्याचा आकडा तुमच्याच पाड्यावर सापडतो. आशाताईंच्या नोंदवहीत घरटी माणसं लिहिलेली असतात, अंगणवाडीच्या सर्व्हेच्या रजिस्टरमधे असतात, आणि मतदार यादीतून पाड्याची घरं वेगळी काढता येतात. तिन्ही जुळवून एक कागद तयार करा आणि ग्रामसभेत तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. नुसतं तोंडी सांगून काही होत नाही, इतिवृत्तात आलं की पुढच्या साहेबाला ते नाकारता येत नाही.

हा आकडा लागतो कारण सगळ्याच योजना महसुली गाव बघत नाहीत. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत वस्ती धरतात, सपाटीवर 500 लोकांची आणि आदिवासी-डोंगरी भागात 250 लोकांची, आणि पाचशे मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात, म्हणजे तुमचा पाडा 180 चा असला आणि शेजारचा 90 चा, तर दोन्ही मिळून बसतात. अंगणवाडीचंही तसंच, आदिवासी भागात दीडशेच्या वस्तीपासून मिनी अंगणवाडीचा निकष आहे. शाळेसाठी तर लोकसंख्येपेक्षा अंतर बघायचं असतं, शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत. तुमचे चार किलोमीटर आणि मधे नदी हे दोन्हीत बसत नाही, हे अर्जात पहिल्या ओळीत लिहा.

तुमचा तालुका पेसात आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात. महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांप्रमाणे पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव केला तर स्वतंत्र गाव म्हणून घोषित करा अशी मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येते. ते झालं की पाड्याची स्वतःची ग्रामसभा, स्वतःचा कोष, आणि पेसाचा पाच टक्के अबंध निधी (कशावर खर्चायचा ते ग्रामसभाच ठरवते) येतो त्यात लोकसंख्येप्रमाणे वाटा. वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, हे आधीच सांगून ठेवतो. आणि एक, येत्या जनगणनेसाठी गावांच्या हद्दी 31 डिसेंबर 2025 ला गोठवल्यात, त्यामुळे आता पाडा वेगळा झाला तरी 2027 च्या तक्त्यात तो वेगळा दिसायचा नाही. म्हणून थांबू नका, पण अपेक्षा ठेवताना हे माहीत असू द्या.

प्रश्न : मी एमएसडब्ल्यू करतेय, प्रोजेक्टला पेठ तालुका घेतलाय. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावांसमोर बँक, पोस्ट, दवाखाना अशा रकान्यांत कुठं ए, कुठं बी, कुठं सी लिहिलंय. हे ग्रेड आहेत का?

उत्तर : ग्रेड नाहीत ताई, अंतर आहे. ती सोय गावात नसेल तर जवळच्या ठिकाणी किती लांब, त्याची खूण. ए म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, बी म्हणजे पाच ते दहा, आणि सी म्हणजे दहाच्या पुढं. सी मधे अकरा किलोमीटरही येतं आणि पस्तीसही, हे ध्यानात ठेवा.

प्रोजेक्टला उपयोगी पडेल म्हणून आणखी सांगतो. हे अंतर मूळ गावापासूनचं, वरच्या दादांच्या पाड्यापासूनचं नाही. रस्त्यात घाट आहे की नदी, एसटी जाते की नाही, ते त्या एका अक्षरात येत नाही. आणि 'आहे' म्हणजे इमारत आहे, डॉक्टर आहे का तो वेगळा प्रश्न. ही माहिती घरोघर विचारून गोळा केलेली नसते, गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांकडून तक्ता भरून येते, तलाठी आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे, गावात अजून कुणी म्हणत नाही). घरात नळ आहे का, संडास आहे का, चूल की गॅस, ते मात्र घरयादीच्या वेळी, म्हणजे जनगणनेच्या पहिल्या टप्प्यात, घरोघर विचारतात. या दोन्ही गोष्टी एकाच टेबलात घातल्या तर गाईड ओरडतील, आधीच वेगळ्या ठेवा. आणि निम्मी गावं तरी स्वतः फिरून या, पेठ काय फार मोठा तालुका नाही, 2011 ला 1,19,838 लोकसंख्या होती.

प्रश्न : आम्ही दिवाळी झाली की दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला येतो, मुकादमाबरोबर, मग शिमग्यालाच घरी. मोजणारे येतात तेव्हा घराला कुलूप. मग आमची नावं कुठं लागतात? (पेठ तालुका)

उत्तर : इथं तुमच्या गावाचा खरोखर तोटा होतो, आणि आपल्याकडे यावर फारसं कुणी बोलत नाही.

2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, संदर्भ तारीख होती 1 मार्च. फेब्रुवारी म्हणजे बागांचा भरात आलेला सीझन, माल उतरवायचा चालू, पेठ-सुरगाण्याकडची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत. त्या वर्षी होळी होती 19 मार्चला, म्हणजे माणसं गावात परतायच्या आधीच मोजणी आटोपलेली. आता पुढची जनगणनाही फेब्रुवारी 2027 मधेच आहे, संदर्भ तारीख परत 1 मार्च, आणि होळी पडतेय 22 मार्चच्या आसपास. तेच गणित परत.

2011 चा नियम असा होता की मोजणीच्या त्या दिवसांत तुम्ही काही काळ तरी घरी असाल किंवा येणार असाल तर घरच्या गावात धरायचं, आणि सगळेच दिवस बाहेर असाल तर जिथं सापडाल तिथं. म्हणजे तीन आठवडे सलग मळ्यात काढले तर तुम्ही दिंडोरी तालुक्याचे. घरी म्हातारी-कोतारी आणि शाळेतली पोरं, तेवढीच गावच्या हिशोबात. मग गावाचा आकडा कमी, आणि त्या आकड्यावर पुढं दहा-पंधरा वर्षं सगळं ठरतं. दिंडोरीच्या त्या गावात तुमच्यामुळे आकडा वाढतो पण मळ्यातल्या तुमच्या झापाला (झोपडीला) नळ येत नाही, तो भाग वेगळाच.

माझं स्पष्ट मत, ही मोजणी आपल्या भागात पावसाळ्यात व्हायला पाहिजे, भातलावणीच्या टायमाला, तेव्हा सगळे घरी असतात. पण देशाची तारीख एकच असते, ती काय आपल्यासाठी बदलत नाहीत. तुमच्या हातात एवढंच की फेब्रुवारीत दोन दिवस का होईना घरी चक्कर मारा आणि मोजणाऱ्या गुरुजींना किंवा बाईंना गाठून नावं घाला. मुकादम खाडा लावेल, लावू द्या. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा की कुलूप दिसलं तर 'रिकामं घर' लिहू देऊ नका. आणि मळ्यात कुणी विचारायला आलं तर सांगा आमची नोंद गावाला आहे, दोनदा नाव नको. यावेळी मोबाईलवरून स्वतः माहिती भरायची सोय आहे, घरात कुणी शिकलेलं असेल तर ते बघा.

प्रश्न : सगळं आदिवासी तालुक्यांनाच देतात. आम्ही निफाडवाले टॅक्स भरायलाच का? आमच्याकडे तीस हजारामागं एक पीएचसी, तिकडं वीस हजाराला. हा कुठला न्याय?

उत्तर : आकडे तुमचे बरोबर आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राला सपाटीवर 30,000 आणि आदिवासी-डोंगरी भागात 20,000, उपकेंद्राला 5,000 आणि 3,000. आता हिशोब करून बघा. 2011 ला निफाड तालुका 4,93,251, सुरगाणा 1,75,816. सगळी लोकसंख्या धरली तर निकषाने निफाडला सोळा बसतात आणि सुरगाण्याला आठ-नऊ. म्हणजे सवलत धरूनही तुमचीच दुप्पट. वरून लासलगाव, पिंपळगाव, ओझर, पावलापावलावर खाजगी दवाखाने, अर्ध्या तासात नाशिक. सुरगाण्याच्या टोकाच्या गावातून बाळंतिणीला सिव्हिलला आणायचं तर वणी-दिंडोरी करत यायचं, आणि ॲम्ब्युलन्स वर येईपर्यंतच जीव टांगणीला. डिसेंबर 2022 मधे सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातमधे घाला असं निवेदन दिलं होतं ते पाणी, रस्ता, दवाखाना यावरूनच. हौस म्हणून कुणी राज्य बदलायला निघत नाही. तुमच्याकडच्या पीएचसीत डॉक्टर बसत नसेल तर त्यावर भांडा, आम्ही छापू.

प्रश्न : येवल्यात आमच्या गावाला टँकर येतो तो 2011 च्या लोकसंख्येवर. गाव वाढलं, जनावरं वाढली, टँकर तेवढाच. बीडीओ म्हणतात आमच्या हातात नाही.

उत्तर : बीडीओंच्या हातात नसेल, पण वरच्यांच्या हातात असतं याचा पुरावा आहे. मे 2019 च्या दुष्काळात मुख्यमंत्र्यांनी आदेश दिले होते की टँकर 2011 च्या नाही, 2018 च्या लोकसंख्येवर द्या, आणि जनावरांचंही पाणी त्यात धरा. म्हणजे जनगणना झाली नाही म्हणून काही करता येत नाही ही सबब आहे, करायचं ठरवलं की करता येतं. तो संदर्भ देऊन तहसीलदारांकडे अर्ज द्या, सोबत ग्रामपंचायतीचा आजच्या कुटुंबसंख्येचा दाखला जोडा, आणि जनावरांचा आकडा पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या.

गावात जलजीवनचा नळ बसलाय का ते लिहिलं नाही तुम्ही. बसला असेल तर माणशी रोज 55 लिटरचं ते काम आहे, तोटी आहे आणि पाणी नाही असं असेल तर टँकरच्या अर्जात तेही टाका, नाहीतर कागदावर गाव 'नळवालं' म्हणून टँकरलाच कात्री लागते.

प्रश्न : सुनेचं आणि नातवाचं नाव रेशनकार्डात चढलं पण धान्य मिळत नाही. पुरवठ्यात म्हणतात इष्टांक संपला. हा इष्टांक काय प्रकार? (सिन्नर)

उत्तर : मावशी, इष्टांक म्हणजे धान्य किती माणसांना द्यायचं त्याची ठरलेली मर्यादा. अन्नसुरक्षा कायद्याने महाराष्ट्राला 2011 च्या जनगणनेवर ग्रामीण 76.32 टक्के आणि शहरी 45.34 टक्के असा कोटा दिला, साधारण सात कोटी माणसं. त्यातूनच जिल्ह्याला, तालुक्याला वाटून आलेला. नातू त्यानंतर जन्मला, पण कोटा तिथंच. म्हणून कुणी मयत झालं, लग्न होऊन गेलं, कायमचं बाहेर गेलं की जागा मोकळी होते आणि मग नवीन नाव बसतं. तुम्ही एक करा, दुकानात मयतांची नावं कमी झालीत का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी ती तशीच चालू असतात. आणि धान्यासाठीचा अर्ज लेखी देऊन पोच घ्या, तोंडी विचारलेल्याचा नंबर लागत नाही.

प्रश्न : गाव चार हजाराच्या वर गेलंय, तरी ग्रामपंचायतीत सदस्य नऊच कसे?

उत्तर : 2011 ला तुम्ही 1,501 ते 3,000 मधे असणार, त्याला नऊ. 3,001 ते 4,500 ला अकरा. नवीन जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होऊन वॉर्डरचना होईपर्यंत नऊच राहणार, यात कुणाची लबाडी नाही. उभं राहायचा विचार असेल तर आहेत त्या वॉर्डातच तयारी करा.