‘चार्ज’ म्हणजे ओझं

साहेबांनी चार्ज घेतला, बँकेने चार्ज लावला, पोलिसांनी लाठीचार्ज केला आणि मोबाइल चार्ज झाला. हे चारही ‘चार्ज’ एकच का, आणि मराठीत एकच प्रतिशब्द का नाही, अशी विचारणा आहे.

शब्द एकच. लॅटिन ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरणे, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘चार्ज’. (‘कार’ आणि ‘कार्गो’ही याच गोतावळ्यातले.) ओझं माणसावर लादलं की जबाबदारी किंवा आरोप, खात्यावर लादलं की रक्कम. सगळा भार टाकून शत्रूवर तुटून पडणं म्हणजे हल्ला. तोफेत ठासलेली दारूही चार्जच. 18व्या शतकात लायडन जारमध्ये, म्हणजे एका काचेच्या बरणीत, वीज साठवू लागले, तेव्हा हाच शब्द तिकडे गेला.

मराठीत मात्र एकाच शब्दावर भागत नाही. हुद्द्याचा पदभार, विज्ञानाच्या पुस्तकात प्रभार, वीजबिलात स्थिर आकार आणि वहन आकार, लाठीचार्जला सरळ लाठीमार. मुळाशी सर्वांत इमानी शब्द सातबाऱ्यावर सापडतो. जमीन तारण ठेवून कर्ज काढलं की बँकेचा चार्ज इतर अधिकारांच्या रकान्यात ‘बोजा’ म्हणून चढतो. कर्ज फिटलं म्हणून तो आपोआप उतरेल असं धरून चालू नये. बँकेचा कर्जफेडीचा दाखला तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घ्यावा.

कोर्टाच्या बातम्यांत घोळ सर्रास होतो. पोलीस दाखल करतात ते आरोपपत्र, म्हणजे चार्जशीट. ‘चार्ज फ्रेम’ करतं ते न्यायालय, त्याला दोषारोप निश्चित करणे म्हणावं. दोषारोप ठेवण्याआधीच आरोपी सुटला तर ‘डिस्चार्ज’, म्हणजे आरोपमुक्ती. खटला चालून सुटला तर निर्दोष मुक्तता.

इंग्रजी वाचताना पुढचं अव्यय पाहावं. ‘चार्ज फॉर’ म्हणजे पैसे आकारणं, ‘चार्ज ॲट’ म्हणजे अंगावर धावून जाणं. ‘चार्ज विथ’ फसवं आहे: पुढे चोरी असेल तर आरोप, काम असेल तर सोपवणूक.

आणि ‘इन-चार्ज’चं डोळे झाकून ‘प्रभारी’ करू नये. ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हटलं की मराठी वाचक तात्पुरता, कायम नेमणूक होईपर्यंतचा, असंच समजतो. कायम माणूस असेल तर ‘प्रमुख’ लिहावं.