मदरबोर्ड बदलल्यावर डेल सर्व्हरची बायॉस (सर्व्हर सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) सेटिंग जशीच्या तशी परत कशी आणायची?

डेलचा सर्व्हर आहे म्हणताय, मग फार अवघड नाही. बोर्ड काढण्याआधी आयड्रॅकमधून (सर्व्हर दुरून सांभाळायची डेलची सोय) ‘सर्व्हर कॉन्फिगरेशन प्रोफाइल’ एक्स्पोर्ट करा. एक्सएमएल किंवा जेसन फाइल मिळते. बायॉस, नेटवर्क कार्ड, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची मांडणी) सगळ्यांची सेटिंग त्यात असते. फर्मवेअर, म्हणजे या भागांमधलं मूळ सॉफ्टवेअर, मात्र त्यात नसतं. म्हणून बायॉस आणि आयड्रॅकची व्हर्जन लिहून ठेवा, नव्या बोर्डवर आधी तीच चढवा आणि मगच फाइल इम्पोर्ट करा. व्हर्जन वेगळी असली की काही सेटिंग लागतच नाहीत.

खरी गोम इम्पोर्ट करताना आहे. फक्त बायॉस निवडा, रेडला हात लावू नका. फाइल ‘क्लोन’ प्रकारची (दुसरा सर्व्हर हुबेहूब तसाच करण्यासाठीची) असेल तर रेडचा भाग आधीची मांडणी पुसून टाकू शकतो, म्हणजे डेटा गेलाच. नंतर सर्व्हर रीबूट होणार, तेव्हा वेळ बघून करा. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) असेल तर रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा.

हिंजवडीतल्या एका ऑफिसात आमच्याकडे सुपरमायक्रो कंपनीचा जुना सर्व्हर होता. दर गुरुवारी लाइट गेली की घड्याळ मागं आणि बूट मोड भलताच! निघालं काय, तर बोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा आणून टाकला. तुमचीही सेटिंग आपोआप उडत असेल तर बोर्ड बदलण्याआधी तो सेल बघा.