हे काय असेल? : तळाला तीन भोकं असलेलं लाकडी भांडं

प्रश्न : ताई, जुन्या माळवदाच्या घराची डागडुजी करताना अडगळीत एक जड लाकडी भांडं सापडलं. तोंड ओंजळीएवढं, तळाला तीन भोकं, आत मधोमध उंचवटा. मुलं म्हणतात चाळणी, शेजारचे म्हणतात अभिषेकपात्र. नक्की काय? (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : हे तिफणीचं चाडं. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं तीन फणांचं (दातांचं) पेरणीचं अवजार, आणि चाडं म्हणजे त्यावरचं बी सोडायचं भांडं. अभिषेकपात्र धातूचं असतं आणि त्याला भोक एकच. आणि तीन भोकांनी चाळणार काय? तीन भोकं म्हणजे तीन नळ्या, तीन नळ्या म्हणजे पेरणीची तीन तासं, म्हणजे ओळी.

माझे वडील गावचे सुतार. मृगाच्या तोंडावर आमच्या दारात तिफणी नीट करून घ्यायला गर्दी व्हायची, आणि वडिलांचा सगळ्यात जास्त वेळ जायचा तो चाड्याच्या भोकांवर. एक भोक जरा मोठं झालं की त्या नळीत बी जास्त उतरतं. मग एक तास दाट, शेजारचं विरळ, आणि पीक वर आलं की ते सगळ्या शिवाराला दिसतं. मधला उंचवटा त्यासाठीच आहे. मुठीतून सुटलेलं बी त्यावर पडून तिन्हीकडे सारखं पांगतं, पोकळ बांबूच्या नळ्यांतून फणांमागे उतरतं आणि फणानं चिरलेल्या ओलीत पडतं.

पण चाडं कितीही नेटकं असलं तरी खरी पेरणी मुठीत. बैल एका चालीनं चालायला हवेत आणि मागच्या माणसाची मूठ तितक्याच संथपणे सुटायला हवी. ज्वारीला वेगळी सैल, हरभऱ्याला वेगळी. आमच्याकडे हे काम बहुतेक बायका करत. चांगली मूठ असलेल्या बाईला पाऊस पडायच्या आधीच सांगून ठेवावं लागे. या बायकांची नावं कुठल्या सातबाऱ्यावर नाहीत, म्हणून मी आवर्जून लिहिते. घरात कुणी वयस्कर असेल तर चाड्यावर मूठ कोण धरायचं, ते आजच विचारून लिहून ठेवा.

आता काठावरून बोट फिरवा. मूठ टेकायची तिथे लाकूड जास्त गुळगुळीत लागेल. म्हणूनच त्याला सँडपेपर किंवा व्हार्निश लावू नका. कोरड्या ब्रशनं धूळ काढा, तेवढं पुरे.

प्रश्न : आजीच्या पेटीत पितळी पोपट मिळाला. पोटाखालचा भाग खरखरीत, हलवला की आत काहीतरी वाजतं. खेळणं आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ही वज्री, टाचा घासायची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वज्र्या, अडकित्ते, दिवे मांडलेले आहेत, जाऊन पाहा. लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावानं केळकरांनी तो संग्रह उभा केला आणि न्हाणीघरातल्या वस्तूलाही त्यात जागा दिली, याचं मला फार मोल वाटतं.

प्रश्न : एकात एक बसणारी चार लोखंडी भांडी आहेत. मापं असावीत, पण कशाची? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : धान्याची. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मोजताना धान्याची शीग, म्हणजे काठाच्या वर रास, लावत, आणि पहिलं माप ओतताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. पुढे दोन, तीन, चार. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली, तरी खळ्यावरून पायली लगेच गेली नाही. तुमची चारही मापं एकाच संचातली आहेत का, ते पाहायला ज्वारी पुरेल. सगळ्यात धाकट्यानं दुसरं भरा, दुसऱ्यानं तिसरं. प्रत्येक वेळी दोनदा ओतून काठोकाठ भरलं, तर संच पुरा आहे. मध्येच चारदा ओतावं लागलं, तर तिथलं एक माप हरवलंय; शेरानं पायली भरताना मात्र चारदाच ओतावं लागतं.