‘हस्तक्षेप’ की ‘अडथळा’?

दादरच्या एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एका कायद्याविषयी मराठीत लिहिताना ‘आपत्कालीन कर्मचाऱ्यांच्या कामात हस्तक्षेप’ असे लिहावे की ‘अडथळा’. हा कायदा १ जानेवारी २०२५ रोजी लागू झाला. पोलीस, अग्निशमन दलाचे जवान किंवा रुग्णवाहिकेवरील कर्मचारी कर्तव्यावर असताना त्यांनी तोंडी बजावूनही, कोणी त्यांचे काम रोखण्याच्या, त्यांना धमकावण्याच्या किंवा छळण्याच्या हेतूने २५ फुटांच्या आत आला वा तिथेच थांबला, तर तो गुन्हा ठरतो.

माझ्या मते येथे ‘अडथळा’च हवा. हस्तक्षेप म्हणजे दुसऱ्याच्या अखत्यारीतील निर्णयात हात घालणे. म्हणून बदल्यांमध्ये ‘राजकीय हस्तक्षेप’ होतो आणि न्यायालय ‘हस्तक्षेपास नकार’ देते. भुलेश्वरच्या गल्लीत बंबाच्या वाटेत आडव्या लावलेल्या स्कूटरला किंवा मोबाइल उंचावून पाण्याच्या पाइपवरच उभ्या राहिलेल्या बघ्याला मात्र कोणी हस्तक्षेप म्हणणार नाही. ‘शिडी आधी आमच्या खिडकीला लावा’ म्हणून अधिकाऱ्याची बाही ओढणारा स्थानिक पुढारी तेवढा हस्तक्षेप करतो, आणि त्यातून अडथळाही आणतो.

क्रियापदाकडेही लक्ष हवे. स्कूटरचा अडथळा ‘होतो’, माणूस अडथळा ‘आणतो’. वरील कायद्यात हेतू सिद्ध व्हावा लागत असल्याने ‘अडथळा होणे’ लिहिले तर गुन्ह्याचा गाभाच निसटतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २२१ लोकसेवकाच्या कामात स्वेच्छेने अडथळा आणण्याविषयीच आहे; त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी लोकसेवकावर हात उगारणे हा कलम १३२ खालचा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा आहे. आपल्या बातम्या मात्र दोन्हींना सरसकट ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणतात, हे मला खटकते.

‘व्यत्यय’ येथे फिका पडतो. तो व्याख्यानात किंवा प्रक्षेपणात येतो. रुग्णवाहिकेला वाट न देण्याबद्दल मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तिथे ‘वाट न देणे’ हेच साधे शब्द पुरेसे आहेत.

तेव्हा वाचकाने ‘आपत्कालीन सेवेतील कर्मचाऱ्यांच्या कामात हेतुपुरस्सर अडथळा आणणे’ असे लिहावे. इंग्रजी ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’वरून घडवलेला ‘प्रथम प्रतिसादक’ हा शब्द तर टाळावाच, कारण आग लागलेल्या चाळीत त्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही.