घरोघरी जाणाऱ्या ताईंना प्रशिक्षण आणि पाठबळ कसं द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या पूर्व भागात तुमच्या संस्थेच्या दहा ताई ० ते ३ वर्षांच्या मुलांच्या घरी जातात. पाच दिवसांचं प्रशिक्षण झालंय, लेखी चाचणीत गुणही चांगले आहेत. तरी भेट म्हणजे ‘माहिती सांगितली, सही घेतली, निघाल्या’ एवढीच होते, आणि दोघी-तिघी काम सोडायच्या बेतात आहेत. पुन्हा एकदा प्रशिक्षण ठेवावं का?

हॉलमधलं प्रशिक्षण आता ठेवू नका. ते दिवस आणि तो पैसा पर्यवेक्षिकेने ताईसोबत घरात जाऊन बसण्यावर खर्च करा. सरकारी आशाताईंच्या सहाव्या-सातव्या मॉड्यूलचं (प्रशिक्षण-पुस्तिकेचं) प्रशिक्षण २० दिवसांचं आहे, पण ते सलग नाही. पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या आणि मधल्या काळात आपल्या भागात सराव, अशी त्याची आखणी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या कामात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथे प्रशिक्षणाइतकाच जोर गावात येऊन काम तपासणाऱ्या, चूक दिसली की तिथेच दुरुस्त करणाऱ्या देखरेखीवर होता. बहुतेक संस्था नेमकी हीच बाजू खर्च वाचवायला कापतात.

आधी हाताची कामं पक्की करून घ्या. श्वास मोजणं घ्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास, हे सगळ्यांना पाठ असतं. चूक मोजण्यात होते. ताई ३० सेकंद मोजते आणि दुप्पट करते. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो, काही सेकंद थांबतो, मग भराभर चालतो. म्हणून पूर्ण ६० सेकंदच मोजायचे. बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल तर थांबायचं. झबलं छातीपर्यंत वर करायचं, बाजूने उजेड पडेल असं बसायचं आणि पोटाच्या हालचालीवर नजर ठेवायची. आकडा ६० किंवा वर आला तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजायचं. दुसऱ्यांदाही तसाच आला तर दवाखाना. सरावाला मोबाईलवर झोपलेल्या बाळांचे व्हिडिओ घ्या (आई-वडिलांना विचारूनच), सगळ्यांना एकाच वेळी मोजायला लावा आणि आकडे फळ्यावर लिहा. दोघींच्या आकड्यांत पाचपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा. अर्ध्या तासात सगळ्यांचे आकडे जवळ येतात.

वजनाचंही तसंच. झोळी अडकवून मगच काटा शून्यावर आणायचा, काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा, बाळाच्या अंगावर कमीत कमी कपडे ठेवायचे. दर सोमवारी मिठाचे एक-एक किलोचे दोन बंद पुडे झोळीत ठेवून काटा तपासा. दोन किलोच्या आसपास दाखवत नसेल तर त्या आठवड्यातली वजनं वाया गेली असं समजा. दंडघेराची पट्टी ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठीच आहे. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. पट्टी घट्ट ओढली की धडधाकट मूलही कुपोषितांच्या यादीत जातं, आणि मग आई पुढच्या भेटीला दार उघडत नाही.

ताप बघताना थर्मामीटर काखेत ठेवून आवाज येईपर्यंत हात धरून ठेवायचा. नवजात बाळाचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर आधी आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरूण. ३५.५ च्या खाली गेलं किंवा ३७.५ आणि वर चढलं तर लगेच दवाखाना. बाळ दूध ओढत नाही, झटके येतात, छाती आत ओढली जाते, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, यांपैकी काहीही दिसलं तरी थांबायचं नाही. १०८ ला (रुग्णवाहिकेला) फोन कसा करायचा, पत्ता कसा सांगायचा (पेठ, जवळचं देऊळ किंवा कारखाना, गल्लीचं तोंड) याची तोंडी रंगीत तालीम घ्या. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि वाहन मोफत आहे, हे आईआधी ताईला ठाऊक पाहिजे.

आता बोलण्याकडे येतो, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. पाच दिवसांत ताईला ऐंशी संदेश दिले जातात आणि ती ते सगळे एकाच भेटीत ओतते. एका भेटीला एकच बदल, हा नियम करा. क्रम असा: आधी विचारा, मग करून दाखवायला सांगा, जे बरोबर आहे ते नाव घेऊन सांगा, मग एक गोष्ट सुचवा, आणि शेवटी आईच्याच तोंडून वदवून घ्या. ‘समजलं का?’ हा प्रश्न बंद करा, त्याला कोणीही ‘हो’च म्हणतं. ‘उद्या सकाळी नेमकं काय करणार, सांगा बरं’ असं आईला विचारलं की काय पोचलं ते कळतं.

सरावाला घरातली खरीखुरी अडचण घ्या. उदाहरणार्थ, आजी दोन महिन्यांच्या नातवाला गुटी उगाळून देते. ‘आजी, गुटी द्यायची नाही हं, चुकीचं आहे ते’ म्हटलं की आजी गप्प बसते आणि ताई गेल्यावर देते. त्याऐवजी: ‘आजी, गुटी कशासाठी देता? पोटात वारा धरतो म्हणून का? कधी जास्त रडतो?’ मग पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं आजीच्याच हातून करून घ्यायचं आणि मग सांगायचं, ‘सहा महिने वरचं काहीच नको, पाणीसुद्धा नको. त्या सहाणेतून जुलाब लागतात.’ पाण्याचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो आणि घरोघरी बाळाला वाटीतून पाणी सुरू होतं. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं, फक्त पाजण्याच्या वेळा वाढवायच्या, हे मार्चमध्येच सांगायला लागा.

हा सराव मराठीतच करून भागणार नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड, तांड्यावर लमाणी. ताई ज्या भाषेत भेट देणार, त्याच भाषेत नाट्य करून घ्या.

विडी वळणाऱ्या घरांसाठी वेगळी तयारी लागते. सूप मांडीवर, तंबाखूचे हात, बाळ शेजारी. आईला ‘काम सोडून खेळा’ म्हणण्यात अर्थ नाही, हजार विड्यांवर तिची मजुरी आहे. सांगायचं एवढंच: पाजण्याआधी साबणाने हात, सूप आणि कातर बाळाच्या हाताला लागणार नाही अशी, आणि रांगतं बाळ तंबाखू तोंडात घालू शकतं, ते विष आहे. खेळासाठी ताईने बाळ आईच्या समोर, तोंडाकडे तोंड करून बसवून दाखवावं. हात विडीवर राहतात, आईच्या तोंडाने बाळाला उत्तर मिळतं. बाळ ‘आ’ म्हणालं की आईने ‘आ’ म्हणायचं, मग थांबायचं, वाट बघायची. ते थांबणं ताईलाच जमत नाही, म्हणून करवून घ्या. सहा महिन्यांनंतर कडक भाकरी वरणात भिजवून कुस्करायची, वर चमचाभर तेल किंवा तूप, सोबत शेंगदाण्याचा बारीक कूट. अख्खा शेंगदाणा द्यायचा नाही, तो घशात अडकतो. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा.

भेटीची वेळ ताईला ठरवू द्या. विड्या मोजून द्यायला जायची वेळ आणि नळाला पाणी यायचा दिवस टाळा. त्या दिवशी घरात कुणाचं लक्ष नसतं. आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे नोंदवहीतच धरा. मुलगी कुठल्या गावाहून आली, परत कधी जाणार, तिकडच्या आशाताईंचा फोन कोणता, हे पहिल्याच भेटीत लिहा. नाहीतर बाळ दोन्ही याद्यांतून सुटतं. आशाताई घरी बाळ झाल्यास पहिल्या दिवशी, आणि सगळ्यांकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, मग ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात जातात. तुमच्या ताईंनी या दिवसांच्या मधले दिवस घ्यावेत आणि माता-बाल संरक्षण कार्डावरची आशाताईंची नोंद वाचूनच बोलावं. एकाच घरात दोघींनी दोन वेगळी मापं सांगितली की दोघींचाही शब्द जातो.

सोबतच्या भेटी: नव्या ताईबरोबर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक, नंतर महिन्याला दोन. पर्यवेक्षिकेने दाराजवळ, थोडं मागे बसायचं आणि बोलायचं नाही. ती बोलली की आई तिच्याकडेच वळते आणि ताईची किंमत त्या घरात उतरते. धोक्याचं लक्षण सुटत असेल तरच मध्ये पडायचं. बाहेर आल्यावर गल्लीत नको, बाजूला जाऊन आधी ताईलाच विचारा: ‘काय जमलं, कुठे अडलं?’ मग एक सुधारणा, तीही पुढच्या भेटीत दिसेल अशी. शिवाय वीसपैकी दोन मुलांची मापं न सांगता पुन्हा घ्या. फरक आला तर आधी काटा तपासा, मग ताईला विचारा. सरकारी रचनेत साधारण वीस आशांमागे देखरेखीला एक गटप्रवर्तक असते. सोबत भेटी खरंच करायच्या असतील तर माझ्या मते आठ-दहाच्या वर जाऊ नका. मासिक बैठकीत कागद गोळा करण्याची वेळ वेगळी ठेवा आणि दोन तासांत दोनच घरांवर नीट चर्चा करा.

सोडून जाण्याबद्दल. मानधनाची तारीख चुकवू नका, प्रवासखर्च त्याच महिन्यात द्या, दारूडा किंवा कुत्र्यांचा त्रास असलेल्या गल्लीत दोघींना पाठवा. याहून जड ओझं मनावरचं असतं. आई दोन आठवडे उदास आहे, कशातच मन लागत नाही म्हणते, तर ताईने काय करायचं हे लिहून द्या: ऐकायचं, पर्यवेक्षिकेला त्याच दिवशी कळवायचं, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा. जिवाचं बरंवाईट करायची भाषा असेल तर तिला एकटं सोडायचं नाही. मारहाणीबद्दल घरच्यांसमोर कधीच विचारायचं नाही. आई एकटी असताना १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक सांगायचा.

आणि एखाद्या घरातलं बाळ दगावलं, तर ताईला त्या दारात एकटीला पाठवू नका. पर्यवेक्षिकेने दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्यासोबत जावं. फॉर्म आणि चौकशी नंतर. त्या आठवड्यात तिच्या निम्म्या भेटी दुसरीकडे द्या आणि मानधन कापू नका.