तक्ता देण्याआधीची दहा मिनिटे

प्रिय स्नेही,

सप्रेम नमस्कार. स्थूलतेच्या बाह्यरुग्ण विभागात आहारतज्ज्ञ म्हणून रुजू होताना सोबत आहाराचे कोणते तक्ते ठेवावेत, असे तू विचारले आहेस. तक्ते तुझ्याकडे माझ्यापेक्षा नवे असतील. मला लिहायचे आहे ते तक्ता हाती देण्याआधीच्या दहा मिनिटांविषयी.

आधी माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला पस्तिशीतले एक गृहस्थ माझ्याकडे येत. तीन महिन्यांत त्यांचे नऊ किलो उतरले आणि मी रांगेतल्या इतरांना त्यांचे उदाहरण देऊ लागलो. पुढे ते यायचे थांबले. वर्षभराने आले ते बारा किलो वाढवून. आणि त्यांच्या पत्नीने सांगितले तेव्हा कुठे मला कळले की, मी कौतुक करत होतो त्याच काळात हे गृहस्थ दिवसभर जवळजवळ उपाशी राहत आणि घर झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानेच उरलेल्या पोळ्या, फरसाण, साखर, हाताला लागेल ते संपवत. त्यांचे वजन मी दर खेपेला लिहून ठेवले होते, रात्र कशी जाते हे एकदाही विचारले नव्हते.

घरोघरी याला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणतात. वैद्यकात अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने 1959 मध्येच स्थूल रुग्णांमधले हे अनावर खाणे नोंदवले होते, पण अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळायला 2013 उजाडले. थोड्या वेळात इतर कोणी खाईल त्याहून स्पष्टपणे अधिक खाणे, मध्येच थांबता न येणे, मागाहून स्वतःची किळस वाटणे, आणि हे निदान तीन महिने, आठवड्यातून एकदा तरी घडणे, ही त्याची खूण. पंगतीत आग्रहाला बळी पडून चार जिलब्या जास्त खाणारा माणूस यात बसत नाही. त्यामुळे ‘किती खाता?’ यापेक्षा ‘थांबावेसे वाटूनही थांबता येत नाही, असे होते का?’ हा प्रश्न जास्त सांगून जातो.

कडक उपासमारीने हे बळावते. मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा ते खिन्न आणि चिडखोर झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले आणि बंधन उठल्यावर काहींना खाणे आवरेना. ते स्थूल नव्हते, हे खरे. तरी ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो तेव्हा तिच्यात किती शरीरशास्त्र आहे, हे मला त्या प्रयोगाविषयी वाचल्यावर उमगले.

नैराश्याचा धागा दोन्ही टोकांनी ओढला जातो. वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या अभ्यासांचा 2010 मधला एकत्रित आढावा सांगतो की, स्थूल व्यक्तीला पुढे नैराश्य येण्याची शक्यता 55 टक्क्यांनी, तर नैराश्यग्रस्त व्यक्ती पुढे स्थूल होण्याची शक्यता 58 टक्क्यांनी अधिक असते. नैराश्य चाचपण्यासाठी नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली तू वापरशील, तिच्यातले थकवा, झोप आणि भूक हे प्रश्न स्थूल रुग्णांत फसवे ठरू शकतात, कारण झोपेत श्वास अडकण्यानेही माणूस दिवसभर मरगळलेला राहतो. म्हणून कशातच रस न वाटणे, उदासी आणि स्वतःला नकोसे समजणे यांची उत्तरे वेगळी वाच. जीव नकोसा झाल्याच्या प्रश्नाला होकार आला, तर तक्ता बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे ने. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक तर प्रत्येकाच्या कागदावर असू दे.

पुरुषांच्या बाबतीत तुझा कान अधिक तयार हवा. अनावर खाण्याचा हा विकार स्त्रियांत जास्त दिसतो, पण उपाशी राहण्याच्या किंवा खाऊन उलटी काढण्याच्या विकारांइतकी ती तफावत नसते. पुरुष ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘टेन्शन आहे’, ‘चिडचिड होते’, ‘रात्री जरा जास्त होते’ म्हणतो, आणि ‘खात्यापित्या घरचा’ या शब्दांच्या आडोशाला वर्षे काढतो. बाईला तो आडोसाही नसतो. मुलगी असताना लग्नावरून आणि पुढे बाळंतपणावरून तिच्या देहाचा हिशेब मांडला गेलेला असतो, आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्यातले उरलेले संपवण्याला ती खाणे म्हणून मोजतही नाही. तिला ‘शेवटी एकटीने काय खाल्ले?’ असे विचार.

नैराश्यावरच्या काही औषधांनी भूक वाढते, हेही ध्यानात असू दे. वजन वाढल्याबद्दल रुग्णाला बोल लावण्याआधी त्याची चिठ्ठी वाच, आणि औषध परस्पर थांबवायला मात्र कधीही सांगू नकोस.

शेवटचे, अगदी साधे. तुमच्याकडचा वजनकाटा बाहेर रांगेसमोर असेल आणि शिपाई आकडा मोठ्याने सांगत असेल, तर पहिल्याच आठवड्यात तो आत घे. काटा किती किलोंपर्यंत चालतो तेही पाहून ठेव, आणि बिनहाताची एक रुंद खुर्ची मागवून घे.

तुझा,
एक जुना सहकारी