लिहिणाऱ्याला नोकरी आधी लागते की पेपरचं पान लावणाऱ्याला?

प्रश्न: ताई, मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला लिहायला मनापासून आवडतं, मुलाखती, फीचर वगैरे. पण आमचे सर म्हणतात रिपोर्टर व्हायला सगळेच येतात, तू डेस्कवर, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या नीट करायच्या आणि पानं लावायच्या कामाला जा, एडिटिंग आणि इनडिझाइन हे पान लावायचं सॉफ्टवेअर शिक, नोकरी लगेच लागेल. मग लिखाण सोडून देऊ का?

उत्तर: सोडू नकोस, हे आधी सांगते. सर खोटं बोलत नाहीयेत, पण अर्धंच सांगतायत. लिहायचंय म्हणून येणारे भरपूर असतात कारण नाव छापून येतं, आणि दुसऱ्याने लिहिलेला मजकूर, म्हणजे कॉपी, नीट करत मध्यरात्रीपर्यंत बसायला फारसं कुणी तयार नसतं, शिवाय रिपोर्टर सुट्टीवर गेला तर वृत्तसंस्थेची बातमी घेऊन वेळ निभावते पण पान लावणाराच नसला तर पान जातच नाही, म्हणून डेस्कवरची जागा रिकामी झाली की ती भरायची घाई असते. आत शिरायला हा दरवाजा खरंच सोपा आहे.

आता उरलेलं अर्धं. १९८५ मध्ये पेजमेकर हे कॉम्प्युटरवर पान लावायचं सॉफ्टवेअर आलं, मागोमाग क्वार्क, आणि कात्री-गोंद घेऊन पान चिकटवणाऱ्यांचं काम हळूहळू उपसंपादकाच्या कॉम्प्युटरवर आलं. तेव्हा पान लावता येणाऱ्याला मागणी होती. पण पान एकदा फाइल झालं की ते कुठे बसून लावलं याने काय फरक पडतो? अमेरिकेतल्या गॅनेट कंपनीने २०१० मध्ये ठरवलं की आपल्या ढीगभर पेपरांची पानं पाच शहरांत एकत्र लावायची. २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मजकूर तपासणारा वेगळा कॉपी डेस्कच बंद केला. लिहिणारे सुटले असं समजू नकोस, प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या न्यूजरूममध्ये २००८ साली साधारण ७१ हजार माणसं होती ती २०२० मध्ये साधारण ३१ हजारांवर आली, आणि त्यात रिपोर्टर, संपादक, फोटोग्राफर सगळेच आले. पण नुसतं पान भरणं किंवा नुसतं शुद्धलेखन तपासणं हे काम सगळ्यात आधी दुसरीकडे जातं, आता तर मशीनकडेही जातं, हे मला पक्कं वाटतं.

टिकतं काय ते माझ्याच एका रात्रीवरून सांगते. डेस्कवर नवीन होते, एका बैठकीची सहाशे शब्दांची बातमी आली आणि दहा वाजता जाहिरात आली त्यामुळे जागा उरली साडेतीनशेची. पहिले तीन पॅरा व्यासपीठावर कोण कोण होतं याचे, आणि सातव्या पॅऱ्यात कुठेतरी की दोन दिवस पाणी येणार नाही. मी सातवा पॅरा उचलून वर घेतला, व्यासपीठ अख्खं कापलं, रिपोर्टरला फोन करून कुठल्या भागात ते विचारून घेतलं, हेडिंग दोन कॉलमात बसेना म्हणून शेवटी ‘दोन दिवस पाणी बंद’ एवढंच ठेवलं. चीफ सबनी, म्हणजे मुख्य उपसंपादकांनी, वाचलं आणि काही न बोलता पान छपाईला सोडलं. मला त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. इनडिझाइन महिनाभरात येतं गं, हा सातवा पॅरा दिसायला वेळ लागतो, आणि तो ज्याला दिसतो त्याचं स्वतःचं लिखाणही सुधारतं.

म्हणून डेस्कवर जा, पण मुलाखतीत विचार की मला कॉपी हाताळायला मिळेल की फक्त टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या तयार साच्यात, मजकूर ओतायचाय. नुसतं ओतायचंय असं उत्तर आलं तर मी तरी जाणार नाही. बऱ्याच ठिकाणी टेस्ट घेतात, कच्ची बातमी देऊन छोटी करा आणि हेडिंग द्या म्हणतात, त्याची सवय आतापासून कर. आणि महिन्याला एक तरी मोठा लेख स्वतःच्या नावावर लिही, आधी पुरवणीच्या संपादकांना विचारून, कारण दोन वर्षांनी रिपोर्टिंगला बदली मागशील तेव्हा दाखवायला काहीतरी हवं ना. बाहेर लिहिणार असलीस तर नेमणुकीच्या पत्रात काय लिहिलंय ते आधी वाच.

प्रश्न: मी सहा वर्षं पानं लावतोय. आता सगळं टेम्प्लेटवर चालतं, काम कमी झालंय. पुढे काय करू?

उत्तर: ग्राफिककडे वळा. नकाशा, तक्ता, घटनाक्रम, आणि हे सगळं मोबाइलच्या उभ्या स्क्रीनवर वाचता येईल असं. त्यासाठी बातमी पूर्ण वाचायची सवय लागते, पान लावताना आपण बरेचदा फक्त शब्दसंख्या बघतो. पोर्टफोलिओत नुसती देखणी पानं ठेवू नका, मूळ आकडे आणि त्यावरून तुम्ही केलेलं ग्राफिक शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे समोरच्याला तुमचं काम नेमकं कुठे सुरू होतं ते दिसेल.